खडीतला चुनखडक आणि काँक्रीटमधली अल्कली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेजवळ आमची मटेरियल टेस्टिंगची छोटी लॅब आहे. रोजचं काम म्हणजे क्यूब फोडणं, खडीच्या चाळण्या, मुरमाची घनता. अल्कलीच्या टेस्टची चौकशी क्वचित येते, पण आली की फोन अर्धा तास चालतो. क्रशरवाले, कॉन्ट्रॅक्टर, कॉलेजची मुलं, सगळे साधारण तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली.

हे अल्कली प्रकरण नेमकं काय आहे?

सिमेंटमध्ये थोडं सोडियम आणि पोटॅशियम असतंच, तीच अल्कली. पाणी घातलं की ते विरघळतं आणि काँक्रीटच्या बारीक छिद्रांत जे पाणी उरतं ते कॉस्टिक सोड्याच्या पाण्यासारखं जहाल होतं. बहुतेक दगड त्यात वर्षानुवर्षं पडून राहतात, काही होत नाही. काही दगडांशी मात्र त्याची अभिक्रिया होते आणि काँक्रीट आतून फुगायला लागतं. वरून दिसतात ते नकाशासारखे तडे.

याचे दोन प्रकार मानतात. पहिला अल्कली-सिलिका. तो कॅलिफोर्नियाच्या हायवे खात्यातल्या थॉमस स्टँटन यांनी १९४० मध्ये दाखवून दिला. सिलिका म्हणजे वाळू-गारगोटीतला मूळ पदार्थ. दगडातली कच्ची, नीट स्फटिक न झालेली सिलिका विरघळते, तिचा डिंकासारखा जेल होतो आणि तो पाणी पिऊन फुगतो. दुसरा अल्कली-कार्बोनेट. तो चुनखडकाच्या जातीतल्या काही मोजक्या दगडांत होतो.

चुनखडकाची भानगड कधी आणि कशी कळली?

कॅनडात, किंग्स्टन गावाजवळच्या खाणीतल्या दगडामुळे. त्या खडीचं काँक्रीट काही वर्षांतच फुगून फुटायला लागलं. गंमत म्हणजे तेव्हा ज्या प्रमाणित टेस्ट होत्या त्या सगळ्यांत हा दगड निर्दोष ठरत होता. स्वेन्सन या संशोधकाने १९५७ मध्ये हेच मांडलं: दगड अभिक्रिया करतोय आणि एएसटीएमच्या (प्रमाण टेस्ट ठरवणारी अमेरिकी संस्था) टेस्टना त्याचा पत्ता लागत नाहीये. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा, कारण आजही लोक नेमके इथंच फसतात.

आत काय घडतं ते असं. अशा दगडात डोलोमाइट असतं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं जोड कार्बोनेट. अल्कली ते फोडते. त्यातून ब्रुसाइट, म्हणजे मॅग्नेशियमचं हायड्रॉक्साइड, आणि कॅल्साइट, म्हणजे साधं कॅल्शियम कार्बोनेट, तयार होतं, शिवाय सोडियम कार्बोनेट सुटतं. हे सोडियम कार्बोनेट सिमेंटमधल्या चुन्याशी भिडतं आणि पुन्हा सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतं. सावकाराचं मुद्दल फिरून तिजोरीत यावं तशी अल्कली परत हजर.

आता, नवे पदार्थ जुन्यापेक्षा जास्त जागा व्यापतात म्हणून दगड फुगतो असं समजू नका. हिशोब मांडला तर घन पदार्थांचं आकारमान उलट थोडं कमीच भरतं. मग फुगतं कशाने? दगडातली कोरडी माती उघडी पडून पाणी पिते असं काही जण म्हणतात, कोंडलेल्या जागेत स्फटिक वाढल्याने दाब येतो असं दुसरे. जपानचे काटायामा आणि कॅनडाचे ग्रॅटन-बेल्यू यांचं म्हणणं तर असं की खरा गुन्हेगार त्या दगडात दडलेला अतिसूक्ष्म क्वार्ट्झ आहे, म्हणजे हीसुद्धा सिलिकाचीच अभिक्रिया. मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. साइटवर मात्र यानं फरक पडत नाही. दगड वाईट तो वाईटच.

म्हणजे सगळाच चुनखडक धोक्याचा?

अजिबात नाही. जगभर चुनखडकाची खडी बिनधोक वापरतात. शुद्ध चुनखडक सहसा त्रास देत नाही, शुद्ध भरड डोलोमाइटही नाही. त्रास देणाऱ्या दगडाची ठेवण ठरलेली असते: अगदी बारीक कॅल्साइट आणि मातीचा लगदा, आणि त्यात सुटे सुटे विखुरलेले डोलोमाइटचे शंकरपाळ्याच्या आकाराचे स्फटिक, एकेक साधारण २० ते ५० मायक्रॉनचा. खिरीत साबुदाणा दिसतो तसं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ही ठेवण दिसली की घंटा वाजली समजा.

सातारा-सांगलीत तर सगळा काळा पाषाण. मग ही टेस्ट आमच्या माथी का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याचं बरोबर असतं. आपल्याकडं कऱ्हाड घ्या, कोरेगाव घ्या, विटा घ्या, क्रशरवर पडतो तो बेसाल्टच. लाव्ह्याचे थरावर थर आहेत. खाणीतून काढावा असा चुनखडकाचा थर या दोन जिल्ह्यांत नाही. तो हवा असेल तर कर्नाटकात उतरावं लागतं: बागलकोट-लोकापूरकडं चुनखडक आणि डोलोमाइट दोन्ही आहेत, कलबुर्गीकडं भीमा खोऱ्याचा चुनखडक आहे.

मध्यंतरी एका कामाचं टेंडर माझ्याकडं आलं. खडी साताऱ्याच्या बाजूची, शुद्ध बेसाल्ट, आणि अटींमध्ये चुनखडकाची सिलिंडर टेस्ट मागितलेली. कुठल्या तरी परदेशी कामाच्या अटी जशाच्या तशा उचलल्या होत्या. मी सल्लागारांना फोन करून म्हटलं, साहेब, या दगडात कार्बोनेटच नाही, टेस्ट कशाची करू? तिकडून उत्तर आलं, "करा हो, फाइलला लागतंय." दगडातून ड्रिलने दांडी काढली, चार आठवडे बुडवली, काहीच झालं नाही. होणार तरी काय होतं? पैसे मिळाले, पण अजून ते बिल आठवलं की ओशाळायला होतं.

म्हणजे बेसाल्टला चुनखडकाची टेस्ट लागत नाही. पण बेसाल्ट आहे म्हणजे अल्कलीची काळजीच नको, हेही खरं नाही. तो वेगळा प्रश्न, खाली घेतलाय.

खडीत पांढरे ठिपके दिसतात. तो चुनखडक का?

चुनखडक नाही, पण ठिपके बघण्यासारखे असतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढं पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी त्या भरल्या. कशाने भरल्या त्यावर सगळं आहे.

हे घरच्या घरी कळतं. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब ठिपक्यावर टाका. सोडा लेमन फोडल्यासारखा जोरात फेस आला तर कॅल्साइट, ते निरुपद्रवी. फेस आला नाही तर खिशातल्या चाकूचं टोक घासा. चरा उठला तर बहुधा झिओलाइट. चरा उठत नाही, उलट चाकूचं पोलादच काळ्या रेघेसारखं दगडावर उतरतं, तर ती सिलिका आहे. म्हणजे आपली गारगोटी. जत-आटपाडीच्या रानात नांगराला लागते तीच. तिच्यात क्वार्ट्झ असतो तसा कॅल्सेडोनी आणि कधी ओपलही असतो, आणि शेवटचे दोन अल्कलीला चांगलेच बळी पडतात. याखेरीज काही बेसाल्टमध्ये लवकर थंड झालेली काच असते. ती डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो.

डोलोमाइट ओळखायलाही हाच थेंब कामाला येतो. अख्ख्या तुकड्यावर तो जेमतेम बुडबुडतो, पण चाकूने थोडी पूड खरवडून तिच्यावर टाकला तर फसफसतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे उद्योग करा.

आम्ही १६ दिवसांची बार टेस्ट करून घेतली, पास झाली. आता पुरे ना?

बेसाल्ट असेल तर बऱ्यापैकी पुरे. चुनखडक असेल तर नाही, आणि का नाही ते नीट समजून घ्या.

या टेस्टमध्ये खडी दळून वाळूएवढी करतात. २.३६ मिमी चाळणीवर १० टक्के, १.१८, ६०० मायक्रॉन आणि ३०० मायक्रॉनवर प्रत्येकी २५, आणि १५० मायक्रॉनवर १५ टक्के असा वाटा ठरलेला असतो. एक भाग सिमेंट, सव्वादोन भाग ही वाळू, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४७. त्याचे २५ बाय २५ मिमी जाडीचे बार ओततात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून एक दिवस ८० अंशांच्या पाण्यात, मग १४ दिवस ८० अंशांच्याच कॉस्टिकच्या पाण्यात, लिटरला ४० ग्रॅम. बार बाहेर काढल्यापासून पंधरा-वीस सेकंदांत डायल गेजवर वाचन घ्यायचं, नाहीतर बार थंड होऊन आखडतो. आमचा पहिला उन्हाळा यातच वाया गेला होता: बाथ एका खोलीत, गेज दुसऱ्या खोलीत. दारातून जाईपर्यंत बार निवायचा आणि दगड चांगला आहे असा आकडा यायचा. आता दोन्ही एकाच टेबलावर आहेत.

सिलिकासाठी ही टेस्ट छान आहे, कारण दळल्याने सिलिका जास्त उघडी पडते. चुनखडकाचं उलटं होतं. त्याचा फुगवटा सगळा दगडाच्या ठेवणीत असतो, मातीच्या लगद्यात अडकलेल्या स्फटिकांमध्ये. दळलं की ती ठेवणच मोडते. त्यामुळे किंग्स्टनसारखा जगप्रसिद्ध वाईट दगडही या टेस्टमधून सहीसलामत सुटू शकतो. रिपोर्टवर पास लिहिलेलं असतं ते त्या टेस्टपुरतं.

मग चुनखडकासाठी कुठली टेस्ट?

सगळ्यांत आधी सूक्ष्मदर्शक. दगडाची ०.०३ मिमी जाडीची चकती घासून काचेवर चिकटवतात. अलिझारिन नावाचा लाल रंग लावला की कॅल्साइट लाल होतं आणि डोलोमाइट कोरं राहतं. जाणकार भूशास्त्रज्ञ एका बैठकीत सांगू शकतो की पुढं जायची गरज आहे की नाही. आयएस, म्हणजे भारतीय मानक, २३८६ चा भाग ८ याच तपासणीसाठी आहे. लोक हीच पायरी गाळतात, कारण तिच्यात आकडा येत नाही आणि साहेबांना आकडा हवा असतो.

मग रासायनिक पृथक्करण. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिना किती ते काढून कॅनडाच्या पद्धतीच्या आलेखावर ठिपका मांडायचा. धोक्याच्या पट्ट्यात पडला तरच पुढची टेस्ट.

तिसरी, दगडाच्या सिलिंडरची टेस्ट, एएसटीएम सी ५८६. खडी दळायची नाही, दगडातूनच पेन्सिलीएवढी दांडी काढायची: साधारण ३५ मिमी लांब, ९ मिमी व्यासाची. एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशांनी तीन दांड्या काढतात, कारण थरांचा दगड एका दिशेला जास्त फुगतो. आधी पाण्यात लांबी स्थिर करायची, मग खोलीच्याच तापमानाला कॉस्टिकमध्ये ठेवून आठवड्या-आठवड्याला मोजायची. वाढ ०.१० टक्क्यावर गेली की संशय पक्का. ३५ मिमीच्या ०.१० टक्का म्हणजे ०.०३५ मिमी, डोक्याच्या केसाची निम्मी जाडी. त्यावर कोट्यवधींच्या खाणीचा निर्णय लटकलेला असतो, म्हणून दांडीची टोकं घासणारा माणूस शांत डोक्याचा हवा. ही टेस्ट चाळणीसारखी आहे. तिच्यावरून दगड बाद करायचा नसतो, पुढच्या टेस्टला पाठवायचा असतो.

ती पुढची टेस्ट म्हणजे काँक्रीटचे प्रिझम, म्हणजे चौकोनी दांडे, एएसटीएम सी ११०५. अख्ख्या खडीचं काँक्रीट, कामावरचंच सिमेंट, दमट खोलीत २३ अंशांना ठेवायचं. वाढ तीन महिन्यांत ०.०१५, सहा महिन्यांत ०.०२५ किंवा वर्षात ०.०३० टक्के झाली तर दगड घातक समजतात. सिलिकाचाही संशय असेल तर सी १२९३ लावा: घनमीटरला ४२० किलो सिमेंट, वरून कॉस्टिक घालून अल्कली १.२५ टक्क्यांपर्यंत नेलेली, ३८ अंश, वर्षभर, मर्यादा ०.०४ टक्के.

वर्षभर कोण थांबणार?

कुणीच थांबत नाही, माहीत आहे. या बेंदराला ओतलेला प्रिझम पुढच्या बेंदराला सुटतो. घाई असेल तर चीनमधून आलेली मायक्रोबार पद्धत आहे. रिलेम या आंतरराष्ट्रीय बांधकाम-साहित्य संस्थेची एएआर-५ तिच्यावरूनच बेतलीय. ४ ते ८ मिमीची बारीक खडी, ४० बाय ४० बाय १६० मिमीचे बार, ८० अंशांचं कॉस्टिक, काही आठवड्यांत अंदाज येतो. एकाच दगडाचे हे बार आणि दळलेल्या वाळूचे बार शेजारी शेजारी लावा. दळलेला कमी आणि खडीचा जास्त फुगला तर मामला कार्बोनेटचा.

खरा उपाय मात्र वेगळाच आहे. खाण निवडतानाच नमुना द्या. पाया खणल्यावर लॅब आठवली तर माझ्याकडं जादूची कांडी नाही.

रिपोर्टमधला ०.१४ टक्के चांगला की वाईट?

१६ दिवसांच्या टेस्टमध्ये ०.१० च्या आत असेल तर निर्धोक, ०.२० च्या वर असेल तर घातक, मधलं अधांतरी. अशा वेळी सूक्ष्मदर्शक आणि जास्त मुदतीची टेस्ट दोन्ही करा. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत ३८ अंशांच्या बारला ९० दिवसांत ०.०५ आणि १८० दिवसांत ०.१० टक्क्यांची मर्यादा आहे. सावकाश अभिक्रिया करणाऱ्या दगडांना ६० अंशांवर ०.०५ आणि ०.०६.

फ्लाय ॲश घातली की झालं ना?

सिलिकाच्या बाबतीत, हो, बऱ्याच अंशी. आयएस ४५६ हेच सांगतं: किमान २० टक्के फ्लाय ॲश (औष्णिक वीज केंद्राची राख) किंवा किमान ५० टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), आणि ०.६ टक्क्यांच्या आत अल्कली असलेलं सिमेंट. अल्कली मोजताना सोडियम ऑक्साइड अधिक पोटॅशियम ऑक्साइडच्या ०.६५८ पट असा हिशोब धरतात.

वाईट चुनखडकावर मात्र यांचा भरवसा नाही. तिथं दगड टाळणं, खाणीतला वाईट थर सोडून देणं किंवा चांगल्या खडीत मिसळून प्रमाण उतरवणं, एवढेच मार्ग उरतात.

आणि साखर कारखान्याची बगॅसची राख?

ऊसपट्ट्यात हे विचारणारच. फुकट मिळते, सिलिकाही असते. पण ती फ्लाय ॲश नव्हे. तिच्यात न जळलेला कोळसा असतो, पोटॅशियम असतं, म्हणजे आपण ज्या अल्कलीला भितोय तीच वरून घातल्यासारखं. शिवाय प्रत्येक गळीत हंगामात, प्रत्येक बॉयलरला राख निराळी. विटांना, भरावाला वापरा. रचनेच्या काँक्रीटमध्ये तपासल्याशिवाय घालू नका.

जमीन क्षारपड आहे. पायाला हा रोग होईल का?

मिरज-वाळव्याच्या नदीकाठी जमिनी खारावल्यात, त्यामुळे भीती साहजिक आहे. मातीतलं सोडियम बाहेरून आत शिरून थोडी भर घालू शकतं, पण दगड चांगला असेल तर अल्कली-अभिक्रिया होणार नाही. तिथं खरी चिंता सल्फेट आणि क्लोराइडची. त्यांची टेस्ट आधी करा. आणि जोत्याजवळ भिंतीवर पांढरं फुटतं तो लोणा. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

स्लॅबला दुसऱ्याच दिवशी तडे गेलेत. खडी वाईट?

नाही. चैत्रातलं ऊन, वारा आणि उशिरा मारलेलं पाणी. अल्कलीचे तडे दिसायला वर्षं लागतात आणि सतत ओल लागते.

कोयना धरणाच्या तड्यांचा याच्याशी संबंध होता का?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर धरणाच्या अंगाला आडवे तडे गेले, विशेषतः मागच्या बाजूचा उतार जिथं बदलतो त्या उंचीला. ते हादऱ्याचे होते. पुढं धरणाला मागून आधार-भिंती देऊन बळकटी दिली. भारतात अल्कली-सिलिकाची नावाजलेली उदाहरणं हिराकूड आणि रिहंदची आहेत.

शहाबादी फरशीच्या तुकड्यांची खडी चालेल?

गोठ्याच्या कोब्याला खुशाल घाला. कॉलम-बीमला घालणार असाल तर तो चुनखडक आहे हे विसरू नका: आधी सूक्ष्मदर्शक, मग ठरवा. चपटे तुकडे पडतात, तीही एक कटकट.

आमच्या रानात चुनखडीचे खडे निघतात, ते?

काळ्या मातीतले ते खडे बहुतेक कॅल्साइट आणि माती. अल्कलीचा प्रश्न येण्याआधीच ते मऊ म्हणून बाद होतात. पूर्वी तेच भाजून चुन्याच्या घाण्यात मळून चुना करायचे. जुने वाडे त्यावर उभे आहेत, पण ते चुन्याचं बांधकाम, काँक्रीट नव्हे.

नमुना कसा पाठवू?

क्रशरच्या ढिगातून नको, खाणीच्या तोंडावरून. वेगळा दिसणारा प्रत्येक थर वेगळ्या पोत्यात. सूक्ष्मदर्शकासाठी आणि दांडीसाठी नारळाएवढे अख्खे दगड, आणि त्यांच्यावर वरची बाजू कोणती ते खडूने नाही, ऑइल पेंटने लिहा. चिठ्ठी दोन ठिकाणी हवी: एक पोत्याच्या तोंडाला, दुसरी आत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पावसाळ्यात बाहेरच्या चिठ्ठीची शाई कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत टिकत नाही, आणि मग तीन पोती समोर ठेवून यातलं वरच्या थराचं कोणतं, हे तुम्हालाही सांगता येत नाही.